जंताचं औषध दिलं, मग त्या दिवसाचं दूध कुणाला?

आषाढ सरत आला की गोठ्यात ठरलेलं चित्र दिसतं. बाहेर चिखल, आत ओलं शेण, कासेवर आणि शेपटीखाली एरंडीच्या बियांसारखे टच्च फुगलेले गोचीड, आणि कालपेक्षा लिटरभर उतरलेलं दूध. मग मालक एकाच दिवसात दोन कामं उरकतो. दुकानातून जंताची बाटली आणून पाजतो, आणि कुणाकडून तरी ‘गोचिडाचं इंजेक्शन’ टोचून घेतो. संध्याकाळची धार नेहमीसारखीच निघते. घरापुरतं ठेवून उरलेलं डेअरीत जातं. त्याबद्दल विचारलं तर उत्तर तयार असतं, “आम्ही दूध उकळूनच पितो की!”

उकळता ते उत्तमच. पण उकळल्याने जंतू मरतात, औषध जात नाही. गोचिडाचं इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन. ते चरबीत मुरतं आणि दुधाच्या स्निग्धांशाबरोबर बरेच दिवस बाहेर पडत राहतं. चुलीच्या आचेला ते फारशी दाद देत नाही. म्हणूनच दुभत्या जनावराला ते देऊ नये असं बाटलीवर छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही दिसू नये. हे औषध शेणातूनही उतरतं आणि शेण मातीत मिसळणाऱ्या शेणकिड्यांच्या मुळावर येतं, हे जाता जाता.

जंतांची सगळी औषधं मात्र एका माळेची नाहीत. फेनबेंडाझोल गाभण जनावरालाही चालतं. अल्बेंडाझोल गाभण राहिल्यापासून पहिल्या दीड महिन्यात देऊ नये, पोटातल्या वासरात व्यंग येऊ शकतं. ट्रायक्लाबेंडाझोल यकृतातल्या चपट्या कृमींवर जोरदार चालतं, पण दुभत्या गाई-म्हशींसाठी नाही. औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही हा आकडा प्रत्येक बाटलीवर वेगळा असतो. तो न वाचता औषध विकत घेऊ नका. तेवढ्या दिवसांचं दूध घरात नको, डेअरीला नको, वासराला नको, मांजरालाही नको. सरळ उकिरड्याच्या खड्ड्यात ओता. जीवावर येतं, कबूल आहे. म्हणूनच ज्यांना जमेल त्यांनी मोठ्या जनावरांचं जंतनिर्मूलन भाकड काळात उरकावं, म्हणजे ओतायला दूधच नसतं. औषध तेव्हाही डॉक्टरांना विचारूनच निवडा, कारण काही औषधांचा अंश विण्यापर्यंत अंगात टिकतो आणि थेट चिकात उतरतो.

प्रतिजैविकाची गोष्टही तीच. ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन झालेल्या गाईच्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरातल्या बाईला पहिल्यांदा कळतं. दही लागत नसेल तर विरजणाला दोष देण्याआधी त्या आठवड्यात गोठ्यात कुणाला काय टोचलं ते आठवा.

औषध देण्याआधी शेण तपासून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे काम होतं. सकाळचं ताजं, जमिनीला न लागलेलं शेण लहान डबीत घेऊन त्याच दिवशी पोचवायचं, डबीवर जनावराची खूण लिहायची. गोल जंत आहेत, चपटे आहेत की काहीच नाहीत, हे कळल्यावर निम्म्या वेळा खर्च वाचतो. दूध उतरण्याचं कारण जंतच असतील असं कुठे आहे? पावसाळ्यात नुसत्या कोवळ्या, पाणचट गवतावरही शेण पातळ होतं.

मात्रा अंदाजपंचे देऊ नका. कमी मात्रेत जंत पुरते मरत नाहीत, उरलेले पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोतलं वजन. घेर ७० आणि लांबी ६० असेल तर साधारण ४४५ किलो. आपण डोळ्यांनी त्या गाईला साडेतीनशेची म्हटलं असतं. पाजताना जनावराचं तोंड आकाशाकडे करू नका आणि जीभ ओढून धरू नका. औषध फुफ्फुसात गेलं तर जंत राहिले बाजूला, जनावरच हातचं जातं.

भातपट्ट्यातल्या आणि तलावाकाठच्या शेतकऱ्यांना एक वेगळी सूचना. कोकणात काय किंवा भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांकाठी काय, चपट्या कृमीचं पिल्लू गोगलगायीच्या अंगात वाढतं आणि मग पाण्यातल्या गवताला चिकटून बसतं. आश्विन-कार्तिकात पाणी ओसरलं की तेच हिरवं गवत जनावरं ओढून खातात. त्यामुळे या कृमीवरचं औषध श्रावणात घाईने देऊन फारसं साधत नाही. खरी वेळ पावसाळा संपल्यानंतरची. हिवाळ्यात जबड्याखाली पाण्याची मऊ सूज लोंबायला लागली, तर उशीर झाला असं समजा. तोवर तलावाच्या काठावरचं ओलं गवत कापून तसंच टाकू नका, उन्हात चांगलं वाळवून घाला.

आता रेडकांविषयी, कारण इथे दूध आणि जंत यांचा सरळ संबंध आहे. म्हशीच्या अंगात एका मोठ्या गोल जंताच्या अळ्या वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. म्हैस व्याली की त्या जाग्या होऊन कासेत येतात आणि दुधातून रेडकाच्या पोटात जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रेडकाच्या आतड्यात शेवयांसारखे वीतभर जंत झालेले असतात. मातकट पांढरी, घाण वासाची हगवण, राठ केस, फुगलेलं पोट. लोक म्हणतात दूध जास्त झालं, पचलं नाही, म्हणून रेडकाचं दूध तोडतात. आजारी जीव उपाशीही राहतो. मीही तेच करत होतो. दोन रेडकं गेल्यावर शिकलो.

यावर चीक बंद करणं हा उपाय नव्हे. चीक जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर. खरवसासाठी भांडं भरायचं ते त्यानंतर. जंताचं पहिलं औषध दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान द्या. पायपराझिन बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि या जंतावर चालतं. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग वर्षाचं होईपर्यंत तीन महिन्यांनी. गाईच्या वासरांनाही हाच क्रम लावायला हरकत नाही.

गोचिडावर लोक सगळ्यात जास्त पैसा घालवतात आणि सगळ्यात कमी पदरात पडतं. कारण आपण मारतो ते अंगावरचे, आणि वस्ती असते गोठ्यात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या सांध्यात, दगडाखाली शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. गाय स्वच्छ केली तरी महिनाभरात नवं पीक तयार. म्हणून भेगा सिमेंटने किंवा मातीने लिंपून घ्या, भिंतींना चुना द्या, चारा नसलेल्या कोपऱ्यात काळजीपूर्वक आगीचा झोत फिरवा. गोठ्याभोवतीचं गवत काढा. चार देशी कोंबड्या सोडल्या तर त्या फुकटात राखण करतात, बिबट्याचा आणि मुंगसाचा हिशेब तेवढा तुम्ही धरा.

अंगावर फवारायचं औषध जनावरांसाठीचंच हवं. कापसावरची उरलेली बाटली गाईवर मारणारे महाभाग दर पावसाळ्यात भेटतात, आणि मग तोंडाला फेस आलेली गाय घेऊन रात्री डॉक्टर शोधतात. अमिट्राझ १२.५ टक्के असेल तर साधारण २ मिली एका लिटर पाण्यात, बाकीच्यांचं प्रमाण लेबलावर असतं. उघडीप असलेला दिवस बघा, आधी पोटभर पाणी पाजा, धार काढून घ्या, तोंडाला मुसकी बांधा म्हणजे जनावर अंग चाटणार नाही. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या खोबणीत फडक्याने लावा. पुढच्या धारेआधी कास कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या. १५ दिवसांनी पुन्हा फवारा, कारण अंड्यातून निघालेले नवे तोवर चढलेले असतात. उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका, मासे मरतात. पोळ्याला बैल नदीवर नेण्याच्या आदल्या दिवशी फवारणी करायची नाही ती याचसाठी.

गोचीड नखाने चिरडायची सवय सोडा. २०११ साली गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाची साथ आढळली. तो ताप पसरवणारा हायलोमा गोचीड आपल्याही गोठ्यात आहे. दोडामार्ग-सावंतवाडीला किंवा गोव्यात सत्तरीला राहणाऱ्यांना गोचिडांमुळेच होणाऱ्या माकडतापाबद्दल वेगळं सांगायला नको. हातमोजा घालून उपटा आणि रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात टाका.

हाच हायलोमा संकरित गाईंना थायलेरिया हा रक्तातल्या परजीवीचा आजार देतो. १०५-१०६ फॅरनहाइटचा ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी फुगलेली, डोळ्यांची आतली कड पांढरी फटक, आणि दूध एका दिवसात आटलेलं दिसलं, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. लघवी कोऱ्या चहासारखी तांबडी होत असेल तर बबेसिया या दुसऱ्या रक्तपरजीवीचा संशय धरा. दोन्हींची औषधं वेगवेगळी आहेत, त्यामुळे रक्ताचा थेंब काचेवर तपासूनच इंजेक्शन द्यायला हवं. जवळ डॉक्टर नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, फिरतं पथक येतं.

या आजारांचे परजीवी दुधातून माणसाला होत नाहीत. गाईच्या पोटातले जंतही दुधातून माणसाला होत नाहीत. तरीही निरसं दूध पिऊ नका, कारण धोका दुसऱ्याच वाटेने येतो. पातळ शेणाने माखलेल्या सडांतून धार काढली की शेणातले जंतू बादलीत पडतात, आणि ब्रुसेला किंवा क्षयाचे जंतू तर कासेतूनच येऊ शकतात. ब्रुसेला झालेली गाय बाहेरून ठणठणीत दिसते. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, एवढंच तिचं लक्षण. माणसाला मात्र महिनोन्‌महिने चढउताराचा ताप, सांधे आणि कंबर धरणं. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच लस टोचतात, सरकारी मोहिमेत ती फुकट मिळते. ती चुकवू नका.

धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे. पण ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास एवढ्यानेही हे जंतू मरतात, म्हणजे घरची एक नीट उकळी पुरून उरते. फक्त साय धरून दूध वर आलं म्हणजे उकळलं असं नाही. ढवळा आणि मग खदखदू द्या. श्रावणात अभिषेकाला निरसं वापरा हवं तर, पण तीर्थ म्हणून वाटायच्या पंचामृतात उकळून गार केलेलं घाला. निरशा दुधाला विरजण लावून दही केलं तरी ब्रुसेला मरेलच असं नाही.

शेवटी शेळीचं. डेंग्यूच्या दिवसांत रक्तातल्या पेशी (प्लेटलेट) वाढाव्यात म्हणून शेळीचं कच्चं दूध शोधत लोक शहरातून गावापर्यंत येतात, आणि पेला शंभर-दोनशे रुपयांना विकला जातो. त्याने पेशी वाढतात याला आधार नाही. शेळीच्या ब्रुसेलाचा प्रकार माणसाला सगळ्यात जास्त छळणारा आहे, आणि टोक्सोप्लाझ्मा हा परजीवीही तिच्या कच्च्या दुधातून येऊ शकतो. अशक्त रुग्णाला आणि गरोदर बाईला तर अजिबात देऊ नका. विकणाऱ्यांनी उकळून द्यावं, गिऱ्हाईक नको म्हणालं तर परत पाठवावं. कळपात शेळ्या गाभडत असतील तर त्यांचं दूध बाजूला ठेवा, रक्त तपासून घ्या. पडलेलं पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्याला टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.