पी53 समजून जपलेला बँड

जळगावात मी संशोधन सुरू केले तेव्हा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने अँटीबॉडीने ओळखून पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात पाहण्याची पद्धत, मला येत होता; तो तुम्हालाही येत असेल, म्हणून त्याची उजळणी करत नाही. पी53 हे कर्करोगाला आवर घालणारे मानवी प्रथिन 393 अमिनो आम्लांचे असून हिशेबाने सुमारे 44 किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे प्रथिनांच्या वजनाचे एकक) भरते, पण जेलवर 53 च्या आसपास धावते, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. नेमके हेच ठिकाण माझ्या मुळावर आले.

एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या लायसेटमधून (पेशी फोडून केलेल्या द्रावणातून) बारीक मण्यांवर (बीड्सवर) बसवलेल्या डीओ-1 या उंदराच्या मोनोक्लोनल अँटीबॉडीने पी53 ओढून काढायचे आणि ब्लॉटही पुन्हा डीओ-1 नेच करायचा, अशी आमच्याकडे वहिवाट होती. पहिल्याच फिल्मवर 50 च्या जरा वर ठसठशीत बँड उमटला आणि मी हुरळून गेले. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध दिलेल्या व न दिलेल्या पेशींत तो सारखाच दिसे, तेव्हा औषधाचा परिणाम होत नाही, असा निष्कर्षही मी वहीत लिहून टाकला. चार महिन्यांनी एका खेपेस लायसेट एका नळीपुरते कमी पडले, म्हणून त्या नळीत नुसते बफर, म्हणजे पेशींचा अंश नसलेले द्रावण, घातले. जेलवरच्या त्या नळीच्या लेनमध्येही (रांगेतही) तोच बँड, तितकाच काळाभोर.

नमुना उकळताना बीड्सवरची अँटीबॉडीही सुटून जेलमध्ये उतरते. तिची जड साखळी सुमारे 50 किलोडाल्टनची, हलकी 25 ची; उंदराची अँटीबॉडी ओळखून बँड दिसता करणारी दुसरी अँटीबॉडी, म्हणजे सेकंडरी, त्या दोन्हींना चिकटते आणि खरे पी53 जड साखळीच्या आड झाकले जाते. उंदराच्या ऊतींत तर त्याच्या स्वतःच्याच अँटीबॉडी असतात, शिवाय डीओ-1 उंदराचे पी53 ओळखतच नाही. तिथे दिसलेल्या बँडवर अजिबात विश्वास ठेवू नका. ब्लॉटसाठी सशाची अँटीबॉडी घ्या, नाहीतर फक्त हलकी साखळी ओळखणारी सेकंडरी घ्या. लायसेटविना एक लेन आणि पी53 नसलेल्या एच1299 किंवा साओस-2 पेशींची एक लेन, या दोन्ही प्रत्येक वेळी चालवा. जागा वाचवण्यासाठी त्या गाळायला सांगणारा ज्येष्ठ कितीही मायाळू असो, त्याचे ऐकू नका. 'आमच्याकडे असेच चालते' हे माझ्या मते प्रयोगशाळेतले सर्वांत महाग वाक्य आहे.

मात्र बँड फिका आला म्हणून लगेच खचूही नका. हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्ही-18 विषाणूचे ई6 प्रथिन पी53 चा नाश घडवते, त्यामुळे तिथे ते जेमतेमच दिसते. त्यात दोष तुमच्या हाताचा नाही आणि अँटीबॉडीचाही नाही. माझे ते चार महिनेही अगदीच वाया गेले नाहीत, कारण सशाच्या अँटीबॉडीने त्याच गोठवलेल्या लायसेटांचा ब्लॉट पुन्हा केला तेव्हा औषधाने वाढलेले पी53 स्पष्ट दिसले.

अँटीबॉडी आली की त्याच दिवशी लहान नळ्यांत वाटून ठेवा आणि लॉट क्रमांक वहीत लिहा. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा पार्सल शुक्रवारी निघणार असेल तर विक्रेत्याला ते सोमवारपर्यंत थांबवायला सांगा. रविवारभर गोदामात पडलेल्या डब्यातला बर्फ टिकत नाही.