बिडाच्या टाक्या, पितळी जाळी आणि मधलं पॅकिंग

१९३८ पर्यंतचा 'अनस्टाइल्ड' (सजावटीचं पत्र्याचं आवरण नसलेला) जॉन डीअर ए किंवा बी ट्रॅक्टर, नाहीतर त्याहून जुना फोर्डसन एफ दुरुस्तीला घेतला की रेडिएटर उघडावाच लागतो. या रेडिएटरात वर एक बिडाची (ओतीव लोखंडाची) टाकी, खाली एक, मधे पितळ-तांब्याच्या नळ्यांची जाळी असते, आणि दोन्ही जोडांवर बोल्टांची रांग नि पॅकिंग (गास्केट). पितळी टाकीला कथलाचा डाख मारलेल्या रेडिएटरवर ज्याचा हात बसलाय, तोही इथे पहिल्यांदा चाचपडतो.

आधी एक हिशेब करून ठेवा. या ट्रॅक्टरांना पाण्याचा पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, जाळीतून थंड होत खाली उतरतं, एवढ्यावर सगळं फिरतं. प्रेशर कॅपही (आत दाब धरून ठेवणारं झाकण) नाही. रेडिएटर ७० सेंमी उंच धरला तर खालच्या पॅकिंगवर पाण्याचा दाब जेमतेम १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) पडतो. एवढा दाब साधं कॉर्कही पेलतं. तरीही गळत असेल, तर खोट बहुधा पॅकिंगमध्ये नसून ते ज्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबलंय त्यांच्यात असते. सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी करून हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ पृष्ठभागांना द्या. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ते पाण्याने भिजवून पत्रीने खरवडा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून धूळ उडवू नका. धातू उघडा पडला की पोलादी पट्टी आडवी धरा आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.२५ मिमीचं पातं कुठे शिरलं तर तिथे काम आहे. बिडाच्या टाकीच्या कडेला गंजाचे खड्डे सापडतातच. ते चकचकीत होईपर्यंत साफ करा, ॲसिटोनने पुसा, मेटल इपॉक्सी भरा, २४ तास सुकू द्या आणि लांब कानशीने सपाट करा. टाकीच वाकडी असेल तर जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून त्यावर ती घासा. हे कंटाळवाणं काम आहे, पण मशीन शॉपमध्ये नेण्याआधी हेच करून बघावं.

जाळीच्या पट्टीचं, म्हणजे टाकीला बोल्टने जोडायच्या तिच्या पितळी कडेचं, दुखणं वेगळं. आधीच्या कुणीतरी बोल्ट कचकचून आवळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती पत्रा फुगतो आणि दोन बोल्टांच्या मधे पोकळी राहते. पट्टी सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने बसवा. जोर लावलात तर नळ्यांच्या मुळाशी असलेला डाख उकलतो, आणि मग गळती पॅकिंगची की डाखाची हेच कळेनासं होतं. बोल्टांच्या डोक्याखाली ३ मिमी जाडीची सलग लोखंडी पट्टी दिली तर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. मूळ यंत्रात ती नसली तरी आम्ही ती सुचवू. दिखाव्याला फारशी बाधा येत नाही.

बोल्ट सहसा ५/१६ किंवा ३/८ इंची, जाड आट्यांचे असतात. ५/१६ च्या जागी एम ८ (८ मिमीचा मेट्रिक बोल्ट) 'जवळपास तोच' म्हणून घुसवणं हा नेहमीचा घोळ. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी आणि इंचाला १८ आटे, म्हणजे आट्यातलं अंतर १.४१ मिमी, एम ८ चं १.२५. दोन-तीन आटे जातो, मग बिडाचे आटे खातो. आटे गेलेच असतील तर ५/१६-१८ चं हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. भोक आरपार टाकीत उघडत असेल तर त्या बोल्टाच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावायला विसरू नका, नाहीतर पॅकिंग कोरडं राहील आणि पाणी बोल्टाच्या डोक्याखालून ठिबकेल.

पॅकिंगसाठी कॉर्क-रबर शीट घ्या: पृष्ठभाग खरोखर सपाट असतील तर १.५ मिमी, थोडे खडबडीत असतील तर ३ मिमी. त्याहून जाड नको, कारण आवळताना पट्टी वाकते. जाळीची पट्टीच शीटवर ठेवून आखा. भोकं पंचने बोल्टापेक्षा १ मिमी मोठी पाडा, आणि आतली कड नळ्यांच्या तोंडांवर येता कामा नये. कोरड्या हवेत पडून राहिलेलं कॉर्क आकसतं आणि भोकं जुळत नाहीत. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलं की मूळ मापावर येतं.

आता सीलंट. पितळ तापून लोखंडापेक्षा जास्त फुलतं. अर्धा मीटर लांबीच्या जोडावर ७० अंशांचा फरक पडला तर दोघांच्या फुलण्यात साधारण ०.२८ मिमीचा फरक येतो. दर वेळी ट्रॅक्टर तापला-निवला की पॅकिंगवर ही घसरण होते. त्यामुळे कडक होणारं सीलंट तडकतं. न कडकणारं सीलंट दोन्ही बाजूंना पातळसं, पॅकिंगचा रंग दिसत राहील इतकंच लावा. ओलं सिलिकॉन वंगणासारखं वागतं. आवळताना पॅकिंग बाहेर सरकतं आणि आत आलेले गोळे नळ्यांत अडकतात. पंप असलेल्या गाडीत एखादी नळी बुजली तर चालून जातं, इथे पाण्याला ढकलणारं काहीच नाही.

जोडणी टेबलावर करा. डोकं कापलेले दोन लांब बोल्ट तात्पुरते मार्गदर्शक म्हणून लावले की जड टाकी सरळ उतरते. मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळा. ५/१६ ला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरे. ३ मिमीचं पॅकिंग २.२ च्या आसपास आलं की थांबा.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे दोन टाक्यांना जोडणाऱ्या बाजूच्या पट्ट्या. नव्याने बांधलेली जाळी मूळ मापापेक्षा दोन मिमी जरी उंच झाली, तरी या पट्ट्यांची भोकं जुळत नाहीत. मग बोल्ट खेचून बसवले जातात आणि टाक्यांवर कायमचा तिरपा ताण येतो. असं पॅकिंग महिन्याभराने एकाच कोपऱ्यातून गळू लागतं, आणि माणूस तेच पॅकिंग पुन्हा बदलत बसतो. पॅकिंगचे बोल्ट पूर्ण आवळल्यावर पट्ट्या नुसत्या टेकवून बघा. फट राहिली तर तेवढ्या जाडीचे वायसर द्या, भोकं जुळत नसतील तर ती लांबट करा. ओढून बसवू नका.

तपासायला सगळी तोंडं बंद करून पाणी भरा आणि ३ पीएसआयपर्यंतच हवा द्या, त्यावर नाही. अर्धा तास कोरडं राहिलं तर ८० अंशांचं पाणी भरून पुन्हा बघा. २४ तासांनी आणि पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण निवल्यावर बोल्ट एकदा हळूच तपासा, कारण कॉर्क-रबर बसतं. अँटिफ्रीझ साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीतून सहज झिरपतं, म्हणून ते शेवटी भरा. पाण्याची पातळी वरच्या पाइपच्या तोंडाखाली गेली तर पाणी फिरणंच थांबतं. वरच्या पॅकिंगची बारीक गळतीही म्हणूनच दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आणि गळती थांबवणारी पावडर या रेडिएटरात टाकू नका. ती भेग बुजवण्याआधी नळ्या बुजवते.