दोन प्रमाणपत्रं, एकच फाइल: मेळघाटातल्या कॉफी गटाची तयारी

चिखलदऱ्याच्या पठारावर कॉफी होते, आणि वावराचा धुरा ओलांडला की जंगल लागतं. म्हणून फेअरट्रेड आणि रेनफॉरेस्ट अलायन्स या दोन्ही प्रमाणपत्रांचा विचार असेल, तर तयारी वेगवेगळी करू नका. फेअरट्रेडचा भर भावावर आणि संघटनेवर, रेनफॉरेस्ट अलायन्सचा झाडांवर आणि मातीवर. पण कागद बरेचसे तेच लागतात.

आधी जमीन. रेनफॉरेस्ट अलायन्सच्या मानकात १ जानेवारी २०१४ नंतर नैसर्गिक जंगल तोडून काढलेल्या वावरातली कॉफी बसत नाही. इथे आपल्या लोकांची बाजू भक्कम आहे. वैयक्तिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे जंगलजमीन कसणाऱ्याच्या हक्काचा कागद, मुळातच १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीला मिळतो. म्हणजे ज्या कागदासाठी ढाण्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, माणसांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्या, तोच इथे मोठा पुरावा. पट्टा, मोजणीचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव यांच्या प्रती काढा, बाकीच्यांचा सातबारा. माल युरोपात जायचा असेल तर वावराचा जीपीएस बिंदूही लागतो. ४ हेक्टरच्या वर पूर्ण हद्द मागतात, आणि वनहक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टरच आहे, म्हणजे पट्ट्याच्या वावराला बिंदू पुरतो. तरी सगळा धुरा चालून नोंदवून घ्या. शेजाऱ्याशी वाद निघायचा असेल तर तो आत्ताच निघू दे.

मग फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. आपल्याकडे याहून मोठं कारण कोणी सांगायला नको. घरातल्या प्रत्येक डब्याचं नाव बंदी असलेल्या औषधांच्या यादीशी ताडून पाहा. हातमोजे, मास्क आणि रिकाम्या डब्यांची सोय दाखवता आली पाहिजे. वावरातला आंबा, जांभूळ, उंबर, जी काही सावलीची झाडं असतील ती मोजून लिहा. तोडणीच्या मजुरीचं हजेरीपत्रक ठेवा. १५ वर्षांखालचं पोर मजुरीवर नको.

पैशाचा विषय मात्र निवांत बसून बोला. फेअरट्रेडमध्ये कॉफीच्या भावावर पाउंडामागे २० अमेरिकी सेंट प्रीमियम, म्हणजे वरचे जादा पैसे, मिळतो. तो एकट्याच्या खिशात जात नाही. कशावर खर्चायचा ते सभासदांची सभा ठरवते, आणि त्यातला किमान चौथा हिस्सा उत्पादन आणि प्रत सुधारण्यावर लावावा लागतो. सभेची सूचना, हजेरी, इतिवृत्त हे सगळं तपासतात. सभा कोरकूत चालली तर चालू द्या, इतिवृत्त मराठीत लिहा आणि सह्या घेण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा. बायांचा आवाज त्यात आला नसेल, तर ती सभा पुन्हा घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे; तोडणी आणि वाळवणीत त्यांचे हात असतात.

शेवटी गटाची आतली तपासणी. ती स्वतःच्या वावराची कोणी करू नये, दुसऱ्या ढाण्यातल्या सभासदानं करावी. ज्या उणिवा निघतील त्यांच्यापुढे दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव टाका. अर्ज त्यानंतर भरा.