गाडीची दुसरी किल्ली लपवताना या चुका टाळा

किल्ली आत राहिली आणि दार लागलं, तर त्या क्षणी गाडी चालू करायची नसते. फक्त दार उघडायचं असतं. चालू करणारी किल्ली आत पडलेलीच आहे. हे नीट समजून न घेतल्यामुळे लोक मूळ दुसरी किल्ली, रिमोटसकट, गाडीच्या खाली चिकटवून ठेवतात. ज्याला ती सापडेल तो गाडीच घेऊन जातो.

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीच्या मुठीत एक छोटी चिप असते. गाडीला ती ओळख पटली नाही तर इंजिन चालू होत नाही, किंवा चालू होऊन लगेच बंद पडतं. म्हणून लपवायला बिनचिपची साधी किल्ली कापून घ्या. तिने दार उघडतं, गाडी चालू होत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. कापायला मूळ किल्लीच द्या. डुप्लिकेटवरून केलेल्या डुप्लिकेटमध्ये खाचा थोड्या सरकतात आणि ती कुलपात अडकते. पात्याच्या मधोमध नागमोडी खाच असलेली किल्ली कानशीने घासून होत नाही, तिला मशीनच लागतं. ‘साहेब, करून देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवू नका.

मग ती तपासा. इथेच घाई नडते. दुकानासमोर एकदा फिरवून बघितली म्हणजे तपासली असं होत नाही. गाडी रिमोटने लॉक करा, एक मिनिट थांबा, मग या किल्लीने चालकाचं दार उघडा. बऱ्याच गाड्यांत अलार्म वाजायला लागतो, कारण गाडीला हे दार जबरदस्तीने उघडल्यासारखं वाटतं. मूळ किल्लीने इग्निशन चालू केलं किंवा रिमोटचं अनलॉक दाबलं की तो थांबतो. हे आधी माहीत नसेल, तर रात्री अकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातपाय गळतात. बहुतेक गाड्यांना किल्लीचं भोक फक्त चालकाच्या दाराला असतं आणि वर्षानुवर्षं रिमोटच वापरल्यामुळे ते आतून गंजतं, कोकणात तर लवकरच. महिन्यातून एकदा किल्ली घालून फिरवा. जड वाटली तर ग्राफाइटची पूड फुंका. तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

चुंबकाची डबी

किल्ली आत घालून गाडीच्या खाली चिकटवायच्या या डबीवर लोकांचा फार भरवसा असतो. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला गेलेलं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. गाडी लॉक आहे. समुद्रावर जायच्या आधी रिमोटवरचं डिकीचं बटण दाबून डिकी उघडली, टॉवेलच्या पिशवीत रिमोट टाकला, पिशवी डिकीत ठेवली आणि डिकी आपटली. त्या बटणाने फक्त डिकी उघडते, चारही दारं लॉकच राहतात. आता रिमोट डिकीत, फोन दाराच्या आत. वडील निर्धास्त, कारण जूनमध्ये मागच्या चाकाच्या वर चुंबकाची डबी लावलेली आहे. वाळूत आडवे होऊन हात घालतात, तर तिथे नुसता चिखल. जवळच्या गावातून माणूस येऊन दार उघडेपर्यंत मुलं ओल्या कपड्यांत ताटकळत बसतात.

डबी का पडली? चाकाच्या वरचा भाग लोखंडी वाटतो, पण बहुतेक गाड्यांत तिथे प्लास्टिकचं अस्तर असतं. चुंबक तिथे धरत नाही, मग माणूस शोधत शोधत एखाद्या पातळ पट्टीच्या कडेला डबी लावतो. अर्धंच चुंबक टेकतं. ओढून बघितलं तर घट्ट वाटतं. पण पावसाळ्यात चाक तिथे सतत चिखल-पाणी मारतं, वर घाटातले खड्डे, आणि डबी दररोज केसभर सरकत जाते. ॲल्युमिनियमच्या भागावर तर ती पहिल्या दिवसापासूनच धरत नाही.

डबी लावायचीच असेल तर सपाट, जाड लोखंड शोधा. मागच्या बंपरच्या आतल्या बाजूचा टोइंग हुकचा ब्रॅकेट चांगला. जागा आधी थिनरच्या फडक्याने पुसा. चुंबक पूर्ण टेकलं पाहिजे. चाक, स्प्रिंग आणि फिरणारा दांडा यांपासून लांब, सायलेन्सरपासून तर खूपच लांब, कारण उष्णतेने चुंबकाची ताकद कमी होते आणि प्लास्टिक मऊ पडतं. किल्लीला पेट्रोलियम जेली चोळून ती झिपच्या छोट्या पिशवीत घाला, मगच डबीत.

माझं मत विचाराल तर डबी नकोच. किल्ली सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळा आणि त्याच ब्रॅकेटला सेंट्रिंगवाल्यांच्या बाइंडिंग तारेने दोन वेढे देऊन पीळ घाला. केबल टाय वापरू नका. तो कापायला ब्लेड लागतं आणि ते त्या वेळी गाडीच्या आत असतं. तारेचा पीळ नुसत्या हाताने सुटतो. दर पावसाळ्यानंतर तार बदला.

नंबरप्लेटच्या मागे लपवायचा सल्ला परदेशी व्हिडिओंमधून आलेला आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट येते, आणि ती एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने लावलेली असते. ती काढायची म्हणजे लॉक तोडायचं. तो विचार सोडून द्या.

बटण स्टार्टच्या गाड्या

स्मार्ट की गाडीच्या बाहेर जवळपास लपवली, तर हँडलचं बटण दाबताच गाडी कोणासाठीही उघडते. गाडीला किल्ली हातभर अंतरावर जाणवते एवढंच, ती कोणाच्या हातात आहे हे तिला कळत नाही. शिवाय सतत गाडीजवळ राहून किल्लीतला सेल लवकर उतरतो. ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन थर दिले की सिग्नल अडतो, पण गुंडाळून हँडलजवळ धरून खात्री करा. त्यापेक्षा रिमोटच्या बाजूची छोटी खटकी सरकवून आतलं लोखंडी पातं काढा आणि त्याची बिनचिपची प्रत करून तीच लपवा. ते पातं कुठे घालायचं हे आजच शोधून ठेवा. काही गाड्यांत हँडलच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, ती खालून हळूच उचकटली की आत भोक दिसतं. रिमोटचा सेल अगदीच मेला असेल तरी बऱ्याच गाड्यांत ब्रेक (गिअरच्या गाडीत क्लच) दाबून, रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवून ते बटण दाबलं की गाडी चालू होते.

स्कूटर

सीटखाली सामान ठेवताना किल्लीही आत ठेवायची आणि सीट दाबायची, ही चूक रोजची आहे. सीटचं लॉक स्प्रिंगचं असतं, बंद व्हायला त्याला किल्ली लागत नाही. सामान ठेवताना किल्ली करंगळीत अडकवलेली असू द्या.

इथे दुसरी किल्ली करताना लोक एक गोष्ट विसरतात. बऱ्याच स्कूटरना किल्लीच्या भोकावर शटर असतं. ते बंद झालं की किल्लीच्या मुठीतल्या चुंबकाच्या टोकानेच उघडतं. रस्त्यावर कापलेल्या साध्या डुप्लिकेटला ते टोक नसतं. ती घेऊन कोणी मदतीला धावत आला तरी शटर बंद असल्यामुळे तो काही करू शकत नाही. चुंबकाचं टोक असलेली किल्लीच करून घ्या, आणि ती स्कूटरवर न लपवता घरी ठेवा.

बाकी छोट्या चुका

रिमोटने अनलॉक करून दार न उघडता गप्पा मारत बसू नका. साधारण अर्ध्या मिनिटात बऱ्याच गाड्या आपोआप पुन्हा लॉक होतात.

मूळ दुसरी किल्ली गाडीच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते आणि एक गाडीतच होती म्हटल्यावर दावा अडतो.

नवीन गाडीच्या किल्लीच्या जुडग्याला नंबर कोरलेला छोटा टॅग असेल तर तो काढून कागदपत्रांत ठेवा. किल्ली हरवली तर त्या नंबरवरून नवी कापता येते.

रोडसाइड मदतीचा नंबर फक्त फोनमध्ये असून भागत नाही. एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

काच आणि रबर यांच्यात पट्टी खुपसून दार उघडायचा खटाटोप करू नका. दारात वायरिंग असतं, काच उचलणारी यंत्रणा असते. जाणकार माणूस दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेची पिशवी फुगवून फट करतो आणि लांब सळईने आतलं बटण दाबतो.

प्रवासात मूळ दुसरी किल्ली गाडीत नव्हे, सोबतच्या माणसाच्या खिशात असू द्या. एकटे फिरत असाल तर वीस मिनिटांत पोचेल अशा कोणाकडे तरी ठेवा.

आणि मूल आत अडकलं असेल तर यातलं काहीही करत बसू नका. उन्हात उभ्या गाडीतली हवा काही मिनिटांत जीवघेणी तापते. एकाने ११२ ला फोन लावायचा, दुसऱ्याने मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच फोडायची. समोरची काच नको, ती दोन थरांची असते आणि नुसती तडकते. बाजूची काच मधोमध मारली तर धक्का झेलते. खालच्या कोपऱ्यात, कडेजवळ, पान्ह्याने किंवा टोकदार दगडाने मारा, हाताला कापड गुंडाळून. मूल बाहेर आलं की आधी सावलीत न्या, ओल्या कापडाने अंग पुसा, शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी द्या, आणि ते बरं दिसत असलं तरी दवाखान्यात दाखवून घ्या.