पर्यावरण संवेदनशील गावात घर बांधण्याची परवानगी : अर्ज करण्यापूर्वी आणि केल्यानंतर

गावाकडच्या जमिनीवर घर बांधायचे ठरले की बहुतेक जण आधी नकाशा काढून घेतात आणि मग परवानगीच्या मागे लागतात. साध्या गावात हा क्रम खपून जातो. पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात मात्र हा क्रम उलटा करावा लागतो, कारण तेथे अर्ज तपासणारा अधिकारी घर कसे आहे हे नंतर पाहतो आणि ही जमीन घरासाठी वापरता येते का, हे आधी पाहतो. या लेखात उदाहरण म्हणून महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील गावे घेतली आहेत. केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १७ जानेवारी २००१ रोजी अधिसूचना काढून हा प्रदेश संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. महाराष्ट्रात त्याआधी १९९१ मध्ये डहाणू तालुक्यासाठी आणि त्यानंतर २००३ मध्ये माथेरानसाठी अशा अधिसूचना निघाल्या. तपशील वेगळे असले तरी कामाची पद्धत बरीचशी सारखी आहे.

पहिले काम म्हणजे आपली जमीन नेमकी कोणत्या हद्दीत येते, हे लेखी स्वरूपात निश्चित करणे. सह्याद्रीच्या माथ्यावरील एकाच गावावर दोन-तीन वेगवेगळ्या हद्दी पडलेल्या असू शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. अंतिम अधिसूचनेने जाहीर झालेले संवेदनशील क्षेत्र ही एक हद्द. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाभोवतीचे संवेदनशील क्षेत्र ही दुसरी. कोयना अभयारण्याच्या बाजूच्या गावांनी ती विशेष लक्ष देऊन पाहावी. तिसरी हद्द पश्चिम घाटाच्या मसुदा अधिसूचनेची आहे. हा मसुदा प्रथम १० मार्च २०१४ रोजी निघाला, त्यानंतर अनेकदा नव्याने प्रसिद्ध झाला आणि ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात दाखवलेले आहे.

या मसुद्याविषयी गावोगावी एक समज पसरलेला आहे की गावाचे नाव यादीत आले म्हणजे घराची वीटही लावता येणार नाही. मसुद्याचा मजकूर तसे म्हणत नाही. खाणकाम, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीजप्रकल्प, लाल प्रवर्गातील (सर्वाधिक प्रदूषण करणारे) नवे उद्योग, २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठे बांधकाम प्रकल्प आणि ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या वसाहती यांना त्यात मनाई आहे; अस्तित्वात असलेल्या राहत्या घरांच्या दुरुस्तीवर, वाढीवर किंवा नूतनीकरणावर प्रतिबंध नाही. तेव्हा ‘यादीत गाव आहे, पण मी बघतो’ असे सांगून कोणी जादा पैसे मागत असेल, तर त्याला आधी मसुद्यातील परिच्छेद दाखवायला सांगावे. २००१ च्या अंतिम अधिसूचनेचे मात्र तसे नाही. ती आज लागू आहे आणि तिच्यातील अटी साध्या घरालाही लागतात.

हद्दीबरोबरच अर्ज कोणाकडे करायचा, हेही ठरते. महाबळेश्वर आणि पाचगणी शहरांत गिरिस्थान नगरपरिषद हे नियोजन प्राधिकरण आहे. नगरपरिषदेबाहेरील, प्रादेशिक योजनेत येणाऱ्या गावांत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ प्रमाणे शेतीखेरीज अन्य वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि जिल्हाधिकारी कार्यालय नगर रचना विभागाचा अभिप्राय मागवून निर्णय घेते. ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पासाठी घेतलेल्या सातारा, जावळी, पाटण व महाबळेश्वर तालुक्यांतील गावांत महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलेले आहे. म्हणून शेजारच्या गावातल्या पाहुण्याने जेथे अर्ज केला तेथेच आपलाही अर्ज चालेल, असे गृहीत धरू नये.

ग्रामपंचायतीची भूमिका येथे नीट समजून घेतली पाहिजे. गावठाणातील बांधकामाला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली पंचायतीची परवानगी लागते हे खरे. पण गावठाणाबाहेरच्या गटात पंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, आणि घरपट्टीची पावती तर मुळीच नव्हे. ‘सरपंचांनी सही दिली आहे’ या भरवशावर जोते उठवलेल्यांना नंतर नोटिसा आलेल्या आहेत, आणि त्या नोटिशीला सरपंचांची सही हे उत्तर होत नाही. शिवाय गावठाणातील घर असले तरी संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेतून ते सुटत नाही.

आता सातबारा. क्षेत्र आणि नाव बघून तो बाजूला ठेवण्याची सवय येथे महागात पडते. खरा मजकूर ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो. तेथे ‘खाजगी वने’, ‘राखीव वने’ किंवा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५(३) ची नोंद दिसली, तर बांधकामाचा विचार तेथेच थांबवून ती नोंद ज्या फेरफाराने आली तो फेरफार काढावा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि त्याच्या व्याख्येत बसणाऱ्या जमिनी शासनाकडे निहित झाल्या. त्यांपैकी काही नंतर मूळ मालकांना परत मिळाल्या, काहींचे वाद अजून चालू आहेत. जमीन वन ठरत असेल, तर तिच्या वनेतर वापरासाठी वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० खाली केंद्र शासनाची मान्यता लागते, आणि खाजगी घरासाठी त्या मार्गाला लागणे व्यवहार्य नाही. इतर हक्कांत कुळाची नोंद, भूसंपादनाची नोंद, बँकेचा बोजा किंवा तुकडेबंदीचा शेरा असेल, तर त्याचाही खुलासा अर्जाआधीच करून घ्यावा. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे शासनाचे निर्बंध असलेली, असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढचा कोणताही कागद उपयोगाचा नाही.

सामाईक खाते हा आपल्याकडचा आणखी एक नेहमीचा अडथळा. आजोबांच्या नावावरची जमीन, वारस नोंद झालेली, सातबाऱ्यावर अकरा नावे आणि त्यांतली चार मुंबईला. अशा वेळी सर्व सहहिस्सेदारांची नोटरीकृत संमती किंवा रीतसर वाटप व पोटहिस्सा मोजणी, यांपैकी एक काहीतरी हवेच. तोंडी वाटपाने वर्षानुवर्षे कसलेला तुकडा नकाशावर ‘माझा’ म्हणून दाखवता येत नाही. मोजणी कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करून ‘क’ प्रत मिळवावी आणि हे काम उन्हाळ्याआधी उरकावे, कारण जूननंतर या डोंगरात मोजणी होणे अवघड असते.

पुण्या-मुंबईहून जमीन घेणाऱ्यांना येथेच सांगितलेले बरे की कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. दहा-दहा गुंठ्यांचे ‘फार्म प्लॉट’ दाखवणाऱ्या जाहिरातींत ‘एनए (बिगरशेती) होऊन मिळेल’ असे लिहिलेले असते. ते विकणाऱ्याच्या हातात नसते.

हे सर्व निर्विवाद निघाल्यावर नगर रचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. या संपूर्ण प्रक्रियेत सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगाचा कागद हाच आहे. गट हरित विभागात, शेती विभागात, वन विभागात की निवासी विभागात, हे त्यावरून कळते. २००१ च्या अधिसूचनेचा गाभा असा आहे की शेती, फळबागा यांसारख्या हरित वापराची जमीन बिगरहरित वापराकडे वळवू नये. आणि त्याला जो अपवाद ठेवला आहे तो स्थानिक रहिवाशांच्या निवासाच्या गरजेपुरता, तोही मर्यादित प्रमाणात. म्हणजे त्याच शिवारात तीन पिढ्या राहणाऱ्या आणि कुटुंब वाढले म्हणून घर मागणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज आणि शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी बंगला मागणाऱ्याचा अर्ज हे कायद्याच्या दृष्टीने एकसारखे नाहीत. काहींना हा पक्षपात वाटतो. मला तो अधिसूचनेतील सर्वात समंजस भाग वाटतो, कारण तो नसता तर संरक्षणाचा सगळा भार स्थानिकांवर आणि सगळा लाभ बाहेरच्यांना, असे झाले असते.

स्थानिक रहिवासी म्हणून अर्ज करणाऱ्याने ही बाब कागदांनी सिद्ध करावी. जुने सातबारे, मतदार यादीतील नोंद, शिधापत्रिका, कुटुंबाकडे सध्या असलेल्या घराची मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा (नमुना ८) उतारा आणि कुटुंबातील व्यक्तींची संख्या, हे सर्व एका पानाच्या निवेदनात मांडून अर्जाला जोडावे. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

नकाशा काढण्याची वेळ आता आली. राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि बहुतेक वास्तुविशारद तीच समोर ठेवून चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम) काढतात. पण गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे त्या नियमावलीतून वगळलेली आहेत. या एका वाक्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे देखणा नकाशा पहिल्याच छाननीत परत येतो. आपल्या क्षेत्राला लागू असलेली प्रादेशिक योजनेची नियमावली कोणती, उंची, मजले, चटई क्षेत्र आणि सामासिक अंतरे (घराभोवती सोडायची मोकळी जागा) किती, हे नगर रचना कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे आणि मगच वास्तुविशारदाला रेषा ओढू द्याव्यात.

स्थळ आराखड्यात समतल रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) दाखवाव्यात. घर उतारावर असेल, तर डोंगर किती कापणार, माती कोठे जाणार आणि धारक भिंत कोठे येणार, हे काढून दाखवावे. तीव्र उतारावरील बांधकामाला मंजुरी मिळण्याची अपेक्षाच ठेवू नये. पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या या माथ्यावर पाण्याची वाट बदलली की खालच्या वाडीला त्याचे परिणाम भोगावे लागतात, म्हणून ओढे, झरे आणि पावसाळी नाळी, उन्हाळ्यात कोरड्या असल्या तरी, नकाशात याव्यात. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा झऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवू नये. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमांचा हा प्रदेश आहे आणि खालची गावे हेच पाणी पितात. प्रत्येक झाडाची जात आणि बुंध्याचा घेर लिहून यादी जोडावी, कारण खाजगी जमिनीतील झाडालाही पूर्वपरवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. झाड वाचवण्यासाठी घर चार हात सरकवणे हे परवानगीमागे धावण्यापेक्षा नेहमीच लवकर होते. विंधन विहीर दाखवायची असेल, तर तिचा वापर स्वतःच्या शेतीपुरता व घरापुरता असल्याचे नमूद करावे; भूजलाची विक्री अधिसूचनेला मान्य नाही. जांभा दगड, उतरते छप्पर आणि लहान पाया यांमुळे मंजुरी आपोआप मिळत नाही, परंतु तपासणाऱ्याच्या शंका मात्र कमी होतात.

अर्ज दाखल करताना प्रत्येक कागदाची अनुक्रमणिका करून पाने क्रमांकित करावीत आणि पोच घ्यावी. ऑनलाइन दाखल केल्यास अर्ज क्रमांकाचे पान छापून ठेवावे. स्थळपाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, हद्दीचे दगड उघडे करून ठेवावेत आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. त्रुटीचे पत्र आले तर खचू नये. त्यातील प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने, लेखी आणि एकाच वेळी उत्तर द्यावे. निम्म्या मुद्द्यांचे उत्तर दिले की प्रकरण पुन्हा तळाशी जाते. नगर रचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, परंतु ती प्रस्ताव नियमांशी तंतोतंत जुळत असेल तेव्हाच लागू होते, आणि संवेदनशील क्षेत्रात तिच्या भरवशावर काम सुरू करणे मी कोणालाही सुचवणार नाही. नकार आला आणि आदेश कलम ४५ खालील असेल, तर कलम ४७ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. त्यासाठी आदेश कोणत्या दिवशी हाती पडला, हे पाकिटासकट जपून ठेवावे.

मंजुरी मिळाल्यावर आदेशातील अटी एकदा मोठ्याने वाचाव्यात आणि गवंड्यालाही ऐकवाव्यात, कारण बिघाड बहुधा त्यानंतर होतो. परवानगी एक वर्ष वैध असते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण मागावे लागते आणि कलम ४८ प्रमाणे वाढीव मुदत तीन वर्षांपलीकडे जात नाही. मंजूर नकाशाबाहेर वाढवलेली पडवी, नंतर घातलेला मजला किंवा राहत्या घराचे परस्पर केलेले लॉज, यांवर नगर रचना अधिनियमाच्या कलम ५२ व ५३ खाली कारवाई होऊ शकते. शिवाय पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १ एप्रिल २०२४ पासून १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती लागू शकते. जोते पूर्ण होताच जोते तपासणीसाठी लेखी कळवावे आणि तो दाखला हाती येईपर्यंत भिंती उचलू नयेत. महाबळेश्वरच्या बाजूला मे अखेरीस काम थांबवावेच लागते, म्हणून जोत्याची तपासणी निदान एप्रिलच्या मध्यापर्यंत होईल असे काम आखावे. अन्यथा उघडे जोते आणि उकरलेली माती पावसाच्या हवाली करून ऑक्टोबरची वाट पाहावी लागते.