मणक्याला मार लागलेल्या माणसाची घरी काळजी, अन् नस परत का वाढत नाही

कवेलू फेरताना छतावरून पडलं, ट्रॅक्टर उलटला, की घरचे पहिलं हेच विचारतात, नस जुळंल का भौ? हाताची नस नीट शिवली तर रोज साधारण 1 मिलिमीटर वाढते, मज्जारज्जूत, म्हणजे मणक्याच्या आतल्या नसांच्या जाड दोरीत, तसं होत नाही. काहून, तर तिथल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या चरबीच्या आवरणात नोगो-ए नावाचं प्रोटीन असतं, ते तंतूच्या वाढत्या टोकाच्या रिसेप्टरला (निरोप पकडणाऱ्या जागेला) चिकटलं की आत ऱ्हो-ए नावाच्या प्रोटीनचा सिग्नल चालू होतो अन् टोक आखडतं, वरून जखमेतला व्रणही वाट अडवतो. 1981 मध्ये डेव्हिड अन् अगुआयो या संशोधकांनी उंदरांत पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला तर मज्जारज्जूतलेच तंतू त्यातून लांब वाढले, म्हणजे मोठा अडथळा आजूबाजूच्या जागेचा आहे. पेशीची स्वतःची ताकदही वयानं घटते, ते वेगळंच.

पहिल्या महिन्यांत हालचाल आली तर ती बहुतेक सूज उतरल्यानं अन् वाचलेल्या तंतूंनी नव्या फांद्या काढल्यानं, म्हणून फिजिओ सोडू नका.

पडल्या जागी उचलून बसवू नका, मान-पाठ सरळ ठेवा, 108 ला फोन करा.

घरी आल्यावर बाजेवर नुसतं झोपवून ठेवलं तर घात होतो, दर 2 तासांनी कूस बदला, माकडहाड, टाचा रोज पाहा, लाल डाग दाबून पांढरा झाला नाही तर त्या जागेवर अजिबात भार नको. गरम विटेनं शेकायचं तर नाव काढू नका, त्याले कळतच नाही अन् कातडी भाजते. लघवी साचू देऊ नका, नळी घालायची पद्धत नर्सकडून शिका, साधारण 4 ते 6 तासांनी, हात धुऊन. मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेला असंल अन् अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला तर लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी अडकली का पाहा, तरी थांबलं नाही तर दवाखाना, कारण बीपी जीवघेणं वाढतं.

अन् स्टेम सेलसाठी (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी टोचायच्या उपचारासाठी) वावर विकू नका बाप्पा. आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या गाइडलाइननुसार मणक्यासाठी ते फक्त मंजूर ट्रायलमध्येच (माणसांवरच्या चाचणीतच) देता येतं. सीटीआरआय, म्हणजे अशा ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा, अन् ट्रायलचेच पैसे मागितले तर तिथून उठून या.