ई-टाइप घेण्याआधी तिची कुळकथा अशी तपासा

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहायला आल्यापासून ओळखीतलं कुणी जॅग्वार ई-टाइप ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बघायला निघालं की मी सोबत जातो. बॉनेट उघडल्यावर चकाकीकडे बघू नका, आधी आकडे बघा. चॅसी नंबर पुढच्या फ्रेमवर, उजव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वर ठोकलेला असतो. त्यावरून बोट फिरवा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा लागल्या तर नंबर बदललेला असू शकतो, तिथंच थांबा. 3.8 लिटरच्या, उजव्या स्टीअरिंगच्या रोडस्टरचे (उघड्या छताची) नंबर 850001 पासून सुरू होतात, कूपेचे (बंद छताची) 860001 पासून. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडवरही असतो. दोन्ही जुळायला हवेत.

मग हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळणारा दाखला, मागवा. त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर सगळं येतं. एका लालभडक गाडीवर मी भाळलो होतो. कागदावर रंग निघाला करडा. दाराचं रबर उचललं तर खाली तोच करडा थर!

व्ही5सी, म्हणजे ब्रिटनमधला गाडीच्या नोंदणीचा कागद, हा मालकीचा पुरावा नाही, त्यावर फक्त नोंदणीकृत वापरकर्त्याचं नाव असतं. म्हणून जुन्या विक्रीच्या पावत्या मागाच.

लिलावाचे जुने कॅटलॉग जरूर चाळा. हातोड्याची, म्हणजे शेवटची बोली आणि प्रीमियम (खरेदीदाराने लिलावसंस्थेला द्यायचं शुल्क) धरून झालेली किंमत यांत बराच फरक पडतो. 2017 मध्ये अमेरिकेत स्कॉट्सडेलला बॉनहॅम्स या लिलावसंस्थेने विकलेल्या 1963 च्या लाइटवेट (शर्यतीसाठी हलकी बनवलेली) ई-टाइपचे 73.7 लाख डॉलर प्रीमियमसकट होते. आणि गाडी लिलावात न विकता परत गेली असेल, तर का गेली ते विचारा.